गेलेल्याचे ऋण

मृत मनुष्याचा गौरव करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वरवर पाहता प्रश्न म्हणण्यासारखाही वाटत नाही. तेराव्या दिवशी आप्तेष्ट जमतात, कोणी वडीलधारा दोन शब्द बोलतो, भिंतीवर तसबीर लागते, तिला हार पडतो, आणि गेलेल्याचे देणे फिटले अशा समाधानाने जो तो आपापल्या घरी जातो. परंतु गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थाने क्षणभर थांबून विचार केला, तर त्यास येथे एक अडचण दिसल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या अध्यायात भगवंतांच्या उपदेशास जेथून खरा आरंभ होतो, तेथे पहिलीच गोष्ट सांगितली आहे ती ही, की ज्ञाता पुरुष गेलेल्यांसाठी शोक करीत नाही. आत्मा मरत नाही आणि देह तर जाणाराच आहे. मग शोक नको म्हटल्यावर गौरव तरी कोणाचा करावयाचा? आत्म्यास आपल्या स्तुतीची गरज नाही. देहाचे भस्म झाले. ऐकणारा उरलाच नसेल, तर ती स्तुती आपण कोणास ऐकवीत असतो?

हा प्रश्न मजपुढे पोथीतून आला नाही. तो आमच्या तंजावरात, किल्ल्यातील एका वीथीत, एका दंतवैद्याच्या ओसरीवर आला.

महाराष्ट्रातील व इतर प्रांतांतील वाचकांसाठी प्रथम थोडे स्थळाविषयी सांगितले पाहिजे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी इ.स. १६७६ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची गादी स्थापिली. ती गादी इ.स. १८५५ मध्ये, दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून निवर्तले तेव्हा, इंग्रजांनी खालसा केली. गादी गेली, पण तिच्यासवे आलेली माणसे कावेरीच्या काठीच राहिली. घरात मराठी, दारात तमिळ आणि देवघरात संस्कृत अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची राहणी आहे. आमची मराठी पुण्याच्या मनुष्यास ऐकताना जुनी व किंचित विनोदी वाटते, हे मला ठाऊक आहे. माझे अध्ययन पाठशाळेत व्याकरण व न्याय या शास्त्रांचे झाले. पोट मात्र या तीन भाषांमधील येरझाऱ्यांवर, म्हणजे भाषांतरावर चालते.

आमच्या वीथीतील डॉक्टर हे याच मराठी समाजातले. तरुणपणी ते सैन्याच्या दंतवैद्यक दलात अधिकारी होते. इ.स. १९७१ च्या युद्धात पूर्व सीमेवरील एका इस्पितळात, गोळीने किंवा स्फोटाने जबडे फुटलेल्या जवानांचे जबडे तारेने बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. सेवानिवृत्त होऊन गावी परतल्यावर त्यांनी तीच तार मुलांच्या दातांस बसविली. वेडेवाकडे उगवलेले दात सरळ करणे हे त्यांचे पुढील सर्व आयुष्याचे काम. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सकाळचे रोगी तपासून झाल्यावर, दुपारी खुर्चीतच त्यांचा देह पडला.

तेराव्या दिवसासाठी एक संस्कृत प्रशस्ती आणि तिचे मराठी व तमिळ भाषांतर करून द्यावे, असे त्यांच्या पुत्राने मला सांगितले. पुत्र परगावी असतो. त्याने वडिलांची पदके एका पेटीतून काढून मजपुढे मांडली आणि यातले काहीही राहू नये असे बजावले. मी लिहिले. अशा लेखनाची आम्हांस सवय असते. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गुणावली आहे, ती पुढे ठेवली म्हणजे कोणत्याही सत्पुरुषाची प्रशस्ती अर्ध्या घटकेत सिद्ध होते. अभय, दान, दया, अक्रोध, सारे गुण मी त्यांस अर्पण केले.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीस, मी ती वाचून दाखविली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "बाळ, छान आहे. पण यातला अक्रोध काढून टाक. ते फार तापट होते. तू तर शेजारी वाढलास, तुला ठाऊक नाही का?" थोड्या वेळाने आणखी म्हणाल्या, "ही पदकेही त्यांनी पंचवीस वर्षांत उघडून पाहिली नाहीत. त्यांचे म्हणून जे राहिले आहे ते आत आहे. एकोणीस मुलांच्या तोंडात तारा आहेत. त्यांचे काय करायचे, ते कोणी सांगत नाही."

मी गप्प राहिलो. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्या एकोणीस मुलांचा अर्थ नंतर मला कळला. दातास तार बसविली की ती दर महिन्यास किंचित आवळावी लागते. दातावर पडणाऱ्या हलक्या दाबाने एका बाजूचे हाड विरघळते आणि मागल्या बाजूस नवे हाड भरते. अशा रीतीने दात कणाकणाने सरकतो. यास दीड ते दोन वर्षे लागतात. मध्येच तार काढली तर दात पुन्हा पूर्वस्थळी जाऊ पाहतात. तशीच ठेवून कोणी पाहिले नाही तर अपाय होतो. सारांश, वैद्य खुर्चीत गेला, परंतु त्याचे कर्म एकोणीस घरांत अर्धे चालू होते. असल्या वेळी तसबिरीस हार घालणे मला, खरे सांगावयाचे तर, काहीसे लाजिरवाणे वाटू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्जुनाने पहिल्या अध्यायात जी कारणे मांडली, त्यांत एक हेही होते की कुळाचा नाश झाला तर पितरांचे पिंड व उदक बंद पडेल. हे कारण हलके नाही. गृहस्थाश्रमी मनुष्यास ते आजही पटते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, श्रीकृष्णांनी या कारणाचे नाव घेऊन खंडन असे कोठे केले नाही. पिंडदान व्यर्थ आहे असे ते म्हणाले नाहीत, आणि पिंडासाठी युद्ध टाळ असेही म्हणाले नाहीत. त्यांनी अर्जुनास एकदम निराळ्याच भूमीवर नेले. तिसऱ्या अध्यायात एक चक्र सांगितले आहे: अन्न, पर्जन्य, यज्ञ, कर्म असे एकमेकांवर उभे असलेले. जो हे चक्र पुढे फिरवीत नाही तो फुकट जगला, आणि जो घेतो पण परत देत नाही तो चोर होय, असा तेथील स्पष्ट निर्णय आहे. मला वाटते, पितरांविषयीच्या अर्जुनाच्या शंकेचे उत्तर येथेच आहे. गेलेल्या मनुष्याने चक्रास जेथपर्यंत हात लावला होता, तेथून ते पुढे ढकलणे हे त्याचे तर्पण.

यावर कोणी म्हणेल की, हे दान झाले, आणि दानाची कसोटी गीतेने सतराव्या अध्यायात निराळी सांगितली आहे. जो परत काही करू शकत नाही अशास, योग्य देशी व काळी दिलेले ते सात्त्विक दान. या कसोटीस मृत मनुष्याइतका उतरणारा पात्र कोण? तो तर कधीही परतफेड करणार नाही. युक्तिवाद मोहक आहे. मीही काही दिवस त्यावर खूश होतो. परंतु त्यात एक खोट आहे. गेलेल्याने आपणांस आधीच दिलेले असते. जो आधी देऊन बसला त्यास काही देणे हे दान नव्हे, ते कर्ज फेडणे होय. आणि कर्ज फेडणाऱ्याने स्वतःस दाता म्हणवून घेऊ नये. आपली शास्त्रेही येथे ऋण हाच शब्द योजतात. देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे घातले आहे, मनुष्यांचे. आणि ते फेडण्याचा मार्गही सांगितला आहे, तो म्हणजे माणसांस आश्रय देणे व अन्न देणे. हे चौथे ऋण आपल्या बोलण्यातून कसे गळाले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

हे ऋण गळू न देणारा एक पुरुष आमच्याच गावी होऊन गेला. आणि योगायोग असा की, तोही जन्माने शस्त्रधारी व कर्माने रुग्णसेवक होता.

सरफोजी राजे, या नावाचे दुसरे, यांचा जन्म इ.स. १७७७ मध्ये झाला. तुळजाजी राजांनी इ.स. १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांस दत्तक घेतले, पण गादीवर बसले ते तुळजाजींचे बंधू अमरसिंह. बालकाचा सांभाळ श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने केला, त्यास मद्रासेस नेऊन शिकविले, आणि इ.स. १७९८ च्या जून महिन्यात राजे गादीवर बसले. पुढल्याच वर्षी, इ.स. १७९९ च्या ऑक्टोबरात, कंपनी सरकारशी तह होऊन राज्याचा कारभार गेला. राजांकडे राहिला तो किल्ला, सालिना एक लक्ष होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. क्षत्रियकुळात जन्मलेला बावीस वर्षांचा तरुण, ज्याच्या हातात तलवार आहे पण रक्षण करावयास राज्य नाही: त्याचा स्वधर्म कोणता?

या तहाबद्दल राजांस दोष देणारे आहेत, आणि तो दोष सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तथापि गीता मनुष्यास काय गेले हे विचारीत नाही. जे वाट्यास उरले त्याचे त्याने काय केले, हे विचारते. राजांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला. देवनागरी छापखाना घातला, आणि तेथून इ.स. १८०६ च्या सुमारास इसापाच्या नीतिकथा मराठीत छापून निघाल्या. माझ्या धंद्याच्या माणसास ही गोष्ट विशेष प्रिय वाटावी हे साहजिक आहे. आणि त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे वैद्य, हकीम, सिद्ध परंपरेचे वैद्य आणि युरोपीय पद्धतीचे जाणकार एकत्र काम करीत, पशूंवरही उपचार होत, आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात गुंफून ठेवले जात. त्या काळची, डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे सरस्वती महालात आजही आहेत. रुग्ण कोण, डोळ्यास काय झाले, काय उपचार केला, हे इंग्रजीत लिहिलेले, आणि सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र. मोतीबिंदूवर राजे स्वतः शस्त्र चालवीत, असे तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शस्त्र धरणारा हात प्रत्येक वेळी कोणाचा होता यापेक्षा मला त्या टिपणांचे महत्त्व अधिक वाटते. राजाच्या दफ्तरात सामान्यतः कोणाची नोंद होते? सरदारांची, नजराण्यांची, स्वाऱ्यांची. येथे एका सामान्य रुग्णाच्या डाव्या डोळ्याची झाली.

शस्त्र या शब्दावरून एक गोष्ट आठवली, ती येथे सांगतो. आपल्या भाषेत तलवारीस शस्त्र म्हणतात आणि शल्यवैद्याच्या सुरीसही शस्त्रच म्हणतात. सुश्रुताने यंत्रे एकशे एक व शस्त्रे वीस सांगितली. त्या विसांत दंतशंकू आहे, म्हणजे दातांचे काम करण्याचे हत्यार. आणि सुश्रुतानेच राजाच्या सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याची कर्तव्ये एका स्वतंत्र अध्यायात सांगितली आहेत. त्याचा तंबू राजाच्या निवासाशेजारी असावा आणि लांबून ओळखू यावा म्हणून त्यावर ध्वज असावा, असा विधी आहे. आमच्या डॉक्टरांस मी हे एकदा सांगितले होते. ते हसून म्हणाले होते की, आमच्या तंबूवर ध्वज होता, पण पाऊस असा होता की तो कोणास दिसत नसे.

असो. सरफोजी राजांनी गेलेल्यांचा गौरव कसा केला, हे पाहावयाचे आहे. त्याचे चार नमुने आज उभे आहेत, आणि चारही सारख्या मोलाचे नाहीत.

पहिला, बृहदीश्वराच्या प्राकारातील मराठी शिलालेख. इ.स. १८०३ मध्ये बाबूराव चिटणीसांकडून भोसले वंशाचे चरित्र लिहवून राजांनी ते भिंतीवर कोरविले. इतका विस्तृत शिलालेख देशात विरळा. चोळांच्या देवळाच्या भिंतीवर आपली भाषा पाहून कोणा मराठी मनुष्याचे अंतःकरण भरून येणार नाही? माझेही येते. परंतु वाचणारे थोडे, आणि पाहून पुढे जाणारे फार. दुसरा, समुद्रकाठचा मनोरा. युरोपात नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक. त्याविषयी न बोललेले बरे. तिसरा नमुना श्वार्ट्झचा. राजे गादीवर बसण्यापूर्वी चारच महिने, इ.स. १७९८ च्या फेब्रुवारीत, तो गुरू निवर्तला. राजांनी फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून आणून किल्ल्यातील चर्चमध्ये बसविले. अंथरुणावर पडलेल्या वृद्धाचा हात तरुण राजाने धरला आहे, असे ते दृश्य आहे. राजे शिवभक्त होते व शिवभक्तच राहिले. त्यांनी गुरूचा धर्म घेतला नाही आणि गुरूचे ऋणही नाकारले नाही. ज्यांस या दोन गोष्टी एकत्र नांदणे अशक्य वाटते, त्यांनी ते शिल्प अवश्य पाहावे.

चौथा नमुना ओरत्तनाडचा. तंजावरपासून दक्षिणेस रामेश्वराच्या वाटेवर हे गाव आहे. राजांची प्रिया मुक्तांबा तरुणपणीच वारली. ती विवाहित राणी नव्हती. राण्यांच्या नावे छत्रे होती. मरताना तिने आपल्याही नावाने एक छत्र असावे अशी इच्छा सांगितली, असे परंपरा म्हणते. राजांनी ते उभारले. छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्न व निवारा देणारी जागा, हे उत्तरेकडील वाचकांस सांगावयास नको. तुमच्याकडे त्यास सदाव्रत म्हणतात. परंतु तंजावरच्या छत्रांत काय काय चाले, हे राजांनी स्वतःच इ.स. १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पत्राने कळविले आहे. ही छत्रे आपल्या हाती राहू द्यावीत, यासाठी ते पत्र आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूस अन्न मिळे. तान्ह्या मुलांस दूध मिळे. वाटेत आजारी पडलेल्यास बरे होईपर्यंत ठेवून घेत, त्यासाठी वैद्य असे. गर्भवतीची तेथेच सोय लावीत. जे परके मूल पोरके होई त्यास शिक्षकाच्या हवाली करून वाढवीत व शिकवीत. आणि जो वाटसरू तेथे मरे, त्याचे अंत्यकर्म त्याच्या रीतीप्रमाणे होई.

राज्य सोडताना ज्याने फारशी खळखळ केली नाही, तो छत्रे सोडावयास तयार नव्हता. हे पत्र म्हणूनच मला तहाच्या कलमांहून मोठे वाटते. मुक्तांबेची स्तुती करणारे काव्य राजे सहज लिहवू शकले असते. पदरी कवींची वाण नव्हती. तिच्या नावाने जेवण वाढले गेले. जेवणाऱ्यास मुक्तांबा कोण हे ठाऊक असो वा नसो, ते चौथे ऋण तिच्या नावे फिटत राहिले. इ.स. १८३२ च्या मार्चमध्ये राजे स्वतः गेले, तेव्हा अंत्ययात्रेस लोटलेल्या समुदायात या छत्रांत जेवलेले किती असतील, कोण जाणे.

परंतु येथे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राजाच्या हाती द्रव्य होते. अन्न कोणीही वाढू शकतो. पण एका मनुष्याचे विशिष्ट कर्म दुसरा कसा पुढे नेणार? स्वतःचा धर्म उणा असला तरी बरा, परक्याचा कितीही चांगला असला तरी भयावह, असे भगवंतांनी एकदा नव्हे, दोन अध्यायांत सांगितले आहे. एकोणीस मुलांच्या तारा मी आवळू गेलो असतो तर तो गौरव झाला नसता, मोठा अनर्थ झाला असता. मग जो वैद्य नाही, त्याने वैद्याचे ऋण कसे फेडावे? हारच घालावा काय?

याचे उत्तर मला शोधावे लागले नाही. ते काकूंकडून वहीच्या रूपाने आले. गावातील एका तरुण दंतवैद्य बाईंनी त्या मुलांचे काम हाती घेण्याचे मान्य केले होते. त्या तमिळ आहेत. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाची नोंद एका जाड वहीत ठेवली होती. दातांचे आकडे, तारेची जाडी, तारखा, एवढे इंग्रजीत होते व ते बाईंस कळले. पण प्रत्येक नोंदीखाली आणखी तीनचार ओळी होत्या. त्या तमिळ लिपीत आणि आमच्या घरगुती मराठीत होत्या. आमच्यातील पुष्कळ लोक असेच लिहितात, कारण त्यांस नागरी लिपीचा सराव नाही. बाई एकूण एक अक्षर वाचू शकत होत्या आणि एकाही वाक्याचा अर्थ त्यांस लागत नव्हता. भाषांतराचा धंदा करणाऱ्यास याहून योग्य काम कोणते मिळणार?

आठ दिवस मी ती वही घेऊन बसलो. पाठशाळेत शिकलेले व्याकरण तेथे कामास आले नाही. आईकडून शिकलेली भाषा कामास आली. ओळी अशा होत्या. याला दुखले तरी सांगत नाही, तोंडाकडे न पाहता डोळ्यांकडे पाहावे. हिच्या आईस आधी खुर्चीवर बसवून दाखवावे, मग ही बसते. बाप विणकर आहे, पैशाचे दिवाळीनंतर बोलावे. परीक्षेच्या आठवड्यात वरची तार आवळू नये. याचे आजोबा माझ्या पलटणीत होते, पैसे घेऊ नयेत, पण हे याच्या वडिलांस कळू देऊ नये.

कोणत्याही प्रशस्तीत न बसणारा मनुष्य त्या ओळींत बसला होता. मी लिहिलेली दया तेथे होती, पण ती गुण म्हणून नव्हती, सूचना म्हणून होती.

एक नोंद मात्र अशी आली की, लेखणी थांबली. दहाअकरा वर्षांच्या एका मुलाच्या नावाखाली, डॉक्टरांच्या मृत्यूच्या तीनच दिवस आधीच्या तारखेस लिहिले होते: आज याच्यावर ओरडलो. रबर लावीत नाही म्हणून. पोर रडले. चूक माझी, मी नीट दाखविले नव्हते. पुढल्या खेपेस आधी त्यास तसे सांगणे, मग तार.

ती पुढली खेप आलीच नाही. मला दोन शंका आल्या. एक, ही ओळ वैद्यकीय नव्हे. मनुष्याने स्वतःशी केलेले बोलणे आहे, ते परक्यास सांगावे काय? दुसरी अधिक अवघड. अन्नाचे ऋण दुसरा फेडतो, कामाचे फेडतो. क्षमा मागणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे कर्म आहे. त्यास कुलमुखत्यार नाही. अशा ठिकाणी ऋण तसेच राहते, आणि कर्मसिद्धान्त मानणाऱ्याने ते तसेच राहिले हे मान्य करावे, असे माझी न्यायशास्त्राची बुद्धी सांगू लागली. मी ती ओळ न उतरविता कोरी जागा ठेवली आणि वही काकूंकडे नेली.

काकूंनी ती ओळ स्वतः वाचली, दोनदा वाचली. म्हणाल्या, "ही का सोडलीस?" मी माझी दोन्ही कारणे सांगितली. त्यांस त्यांतले न्यायशास्त्र फारसे रुचले असे दिसले नाही. "त्यांनी लिहून ठेवले आहे ना, की आधी सांगणे. मग सांगायचे. ते सांगणार होते ते डॉक्टर म्हणून. आता त्या खुर्चीशी ती मुलगी उभी आहे." मी तेथेच बसून ती ओळ तमिळमध्ये उतरवून दिली. कर्म खुर्चीचे की मनुष्याचे, हा वाद मी त्यांच्याशी घातला नाही. तो मला अजून पुरता सुटलेला नाही.

प्रशस्तीचे म्हणाल तर ती वाचली गेली नाही. पुत्रास प्रथम राग आला, मग त्याने वही पाहिली. तेराव्या दिवशी त्याने पदकांची पेटी पुन्हा बंद करून आईकडे दिली आणि तारांच्या सामानासाठी त्या बाईंस किती खर्च येईल, याची चौकशी केली. दारावरच्या पाटीवर नाव, हुद्दा व दोन वर्षे आहेत, एवढेच.

बाईंनी त्या मुलास ते सांगितले, असे त्यांच्याकडूनच मला कळले. डॉक्टर आजोबांची चूक होती, त्यांनी तसे लिहून ठेवले आहे, असे त्या म्हणाल्या. मुलाने विचारले, कोठे लिहिले आहे? त्यांनी वही उघडून दाखविली. त्याने बोट ठेवून अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचली. ती भाषा त्यास समजत नव्हती. त्याचे नाव तेवढे समजले. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने तोंड उघडले. एकोणीसांपैकी सहा मुलांचे काम अजून चालू आहे. त्यांत तो आहे.